नंबर त्याचा, नाव माझं

एके काळी नंबर सायकलीला असायचा. शहरातली नगरपालिका सायकलीवर वर्षाचा कर घ्यायची आणि पावतीबरोबर पितळेचा नाहीतर पत्र्याचा एक बिल्ला हातावर ठेवायची. त्यावर साल आणि आकडा ठोकलेला असे. ग्रामपंचायतींनाही ही मुभा होती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ मध्ये घरपट्टी, यात्राकर यांच्या पंगतीत सायकलीवरचा करही बसवलेला आहे. आमच्याकडे तो कुणी वसूल केल्याचं मला आठवत नाही, पण शहराच्या हद्दीत शिरताना जुनी माणसं बिल्ला चाचपून पाहायची. बिल्ला नाही, दिवा नाही, मागे कॅरिअरवर कुणी बसलंय, यातलं काहीही असलं की चौकातला हवालदार हात आडवा करायचा. दंडाला पैसे नसतील तर चाकाचा व्हॉल्व्ह काढून घ्यायचा, आणि मग सायकल ढकलत घरी. थोडक्यात, रस्त्यावरचा संशयित इसम म्हणजे सायकलवाला. त्याने उलट कुणाची तक्रार करावी, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

मी बोनकोड्याचा. आता लोक कोपरखैरण्याचे सेक्टर सांगतात, पण आम्ही गावाचंच नाव सांगतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कुणाचा किती ओव्हरटाइम, कुणाची सायकल स्टँडवर आहे, हे सगळं आमच्या रजिस्टरात. त्यामुळे नावं आणि नंबर यांचं एकमेकांशी काय नातं असतं, हे पाहण्यातच माझं आयुष्य गेलं असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या वडलांच्या लहानपणी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाजणातली भातशेती होती आणि खाडीकडे मिठागरं. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, ठाणे खाडीपलीकडचा पट्टा कारखान्यांसाठी आखला गेला, आणि मग नोसील, पील, स्टँडर्ड अल्कली, हार्डिलिया ही नावं आमच्या बायकांच्या तोंडी माहेरच्या गावांसारखी बसली. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. जमिनी गेल्या त्या घरांतल्या काही पोरांना कंपन्यांत चिकटता आलं. पहिल्या पगारात घड्याळ आणि पहिल्या बोनसात सायकल, हा क्रम ठरलेला. हर्क्युलस, अॅटलस, हीरो. थोड्या जुन्या माणसांकडे हिंद, जी वरळीच्या कारखान्यात बनायची. सातच्या पहिल्या शिफ्टला अंधारातच निघायचं, रात्री अकराच्या सुट्टीला पुन्हा अंधारातच परतायचं. डायनॅमोचा दिवा पायडल मारलं तरच लागतो आणि चढावर विझत येतो. मागून अॅसिडचे, सॉल्व्हंटचे टँकर. तेव्हा रस्ता आजच्यासारखा रुंद सिमेंटचा नव्हता. डांबराची कड तुटलेली, आणि कडेला उतरलं की चिखल.

टँकरने कुणाला खाली उतरवलं की काय करायचं, याची एक रीत आपोआप पडली होती. ती कुठल्या परिपत्रकात नव्हती. सेकंड शिफ्टला येणारा फिटर गुडघ्यापर्यंत भरलेली पॅन्ट घेऊन टाइम ऑफिसच्या खिडकीशी यायचा, सायकलचं अर्धं टोकन घ्यायचा (अॅल्युमिनियमच्या चकतीचे दोन भाग असत, एक हँडलला, एक त्याच्या खिशात), आणि हळूच म्हणायचा, "नाना, तो पिवळ्या टाकीचा. शेवटचे दोन आकडे बघितलेत." पुढचं माझं काम. गेटवरच्या रजिस्टरात गाडीचा नंबर, ट्रान्सपोर्टरचं नाव, ड्रायव्हरचं नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सगळं शाईने लिहिलेलं. शेवटचे दोन आकडे आणि टाकीचा रंग एवढ्यावर गाडी सापडायची. मी डिस्पॅचच्या साहेबांच्या कानावर घालायचो, साहेब ट्रान्सपोर्टरला फोन करायचे, पुढच्या खेपेला ड्रायव्हर वेगळा. फिटरचं नाव या सगळ्यात कुठेही उमटत नसे. मी ते साहेबांना सांगत नसे आणि साहेब विचारत नसत. पोलीस नाही, कोर्ट नाही, कागद नाही. न्याय म्हणाल तर अर्धामुर्धाच, कारण तो ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीच्या फाटकावर तेच करत असणार. पण सायकलवाला सुखरूप.

सुखरूप, म्हणजे बहुतेक वेळा. एका ड्रायव्हरला हिशेब करता येत होता. ज्या दिवशी तक्रार झाली त्या दिवशी दुपारी अडीच ते तीनच्या दरम्यान गावाकडून सायकली किती आल्या असतील? पाच-सहा. त्यातला चिखलाने माखलेला कोण, हे चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं. पुढे एका रात्री अकरा वाजता सुटलेल्या आमच्या एका पोराच्या मागे तो टँकर पहिल्या गिअरमध्ये लागला. अंगावर घातला नाही, ओव्हरटेकही केला नाही. गावाच्या फाट्यापर्यंत नुसता मागे, हेडलाइट पूर्ण, हॉर्नवर हात. झालं काहीच नाही, म्हणून सांगण्यासारखंही काही नव्हतं. त्या पोराने सायकल भावाला देऊन टाकली आणि तो कंपनीच्या बसने यायला लागला. मला वाटतं, या विषयातली सगळी भीती त्या पहिल्या गिअरमध्ये आहे. अपघात झाला तर निदान पंचनामा होतो.

ड्रायव्हर गावातलाच असला की गोष्ट आणखी वेगळी. गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, काहींच्या हातात पैसा खेळायला लागला, कुणी पाण्याचे टँकर घेतले, कुणी डंपर, कुणी नातवाला काळ्या काचांची गाडी. गाडीच्या पाटीवर ४१४१ असं वळवून लिहिलेलं की वाचताना 'दादा' दिसावं, २१४ चा 'राम' व्हावा. अनोळखी माणूस ओळखता यावा म्हणून सरकारने गाडीला नंबर दिला. आमच्याकडे नंबर न वाचताच गाडी ओळखली जाते. कोणाचा, कोणत्या आळीचा, त्याच्या मावशीला कुठे दिलीये. मग तक्रार करायची कुणाकडे? पूर्वी गावकीकडे. देवळासमोर कार्यकर्ती मंडळी बसायची, दोघांना समोरासमोर उभं करायची, म्हाताऱ्यांनी चार शिव्या दिल्या की पोरगं खाली मान घालून घरी. तक्रार करणाऱ्याला तिथे कसलाही आडपडदा नसे. अख्खं गाव त्याच्याकडे बघत असे, आणि त्याला काही झालं तर तेच गाव जाब विचारायला मोकळं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. शाळेला सायकलवर जाणाऱ्या आमच्या मुलींना गाडीवाल्यांनी कट मारण्याचे प्रकार तेव्हाही होते, आणि त्यातलं एकही प्रकरण मुलीच्या नावाने देवळासमोर आल्याचं मी पाहिलेलं नाही. भाऊ बोलायचा, नाहीतर काका. आणि पुष्कळदा मुलीची सायकलच बंद व्हायची, तेवढ्यावर विषय मिटायचा.

१ जानेवारी १९९२ पासून आम्ही महापालिकेत गेलो. गावकी लग्न-जत्रेपुरती उरली. ९ नोव्हेंबर २००४ ला ठाण्याहून वाशीकडे लोकल सुरू झाली, कोपरखैरणे स्टेशन झालं, कंपन्याही एकेक करून बंद पडत होत्या. कामगारांच्या सायकली रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्या परत आल्या त्या दुसऱ्याच रूपात. गिअरवाल्या, हलक्या, पहाटे पाम बीच रोडवर जाणाऱ्या, डोक्यावर हेल्मेट. २०१८ च्या नोव्हेंबरात युलूच्या भाड्याच्या सायकलीही उभ्या राहिल्या. आता टाइम ऑफिसची खिडकी नाही, देऊळही नाही. आता थेट सरकार.

आणि सरकारदरबारी तक्रार नावाशिवाय होत नाही. एफआयआरमध्ये फिर्यादीचं नाव, वडलांचं किंवा पतीचं नाव, वय, धंदा, पत्ता, मोबाइल. खटला उभा राहिला की आरोपीला सगळ्या कागदांची प्रत फुकट मिळते, मिळायलाच हवी, नाहीतर बिचारा बचाव कशाचा करणार? सुप्रीम कोर्टाने तर ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला की नाजूक प्रकरणं वगळून एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाका. हेतू आरोपीच्या भल्याचा आणि योग्यच. पण फिर्यादीचा पत्ताही त्याच कागदावर असतो, आणि बेदरकार गाडी चालवणं हे कोर्टाच्या लेखी नाजूक प्रकरण नाही.

आता दुसरी बाजू पाहा. गाडीच्या नंबरावरून मालक कोण हे कळणं एके काळी मोबाइलवर दोन मिनिटांचं काम होतं. मग गाडीमालकांची माहिती अशी उघडी टाकणं बरं नव्हे म्हणून नावातली अक्षरं फुल्यांनी झाकली गेली. मधल्या काळात केंद्र सरकारने २०१९ मध्ये धोरण आखून वाहनांची नोंदणी-माहिती घाऊक भावात विकलीही, आणि जून २०२० मध्ये गैरवापराची भीती दाखवून ते धोरण गुंडाळलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलंच होतं. त्याविषयी माझं काही म्हणणं नाही. रागाच्या भरात कुणी गाडीवाल्याच्या दारात जाऊन उभं राहू नये, हे मला पटतं. पण हिशेब मांडला तर असं दिसतं की ज्याने कट मारला त्याचं नाव फुल्यांमागे गेलं आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव पत्त्यासकट पानावर राहिलं.

कायद्याने कुणालाच संरक्षण दिलं नाही असं नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याच्या बाजूने नियम पक्के केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला उचलणाऱ्याने आपलं नाव सांगायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर. फार चांगलं झालं. पूर्वी आमच्या रोडवर माणूस पडलेला असला की लोक सायकल थांबवायचे, बघायचे आणि 'नस्ती कटकट' म्हणून पुढे जायचे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे सगळ्यांना पाठ. पण हे संरक्षण रक्त सांडल्यानंतरचं आहे. रक्त सांडायच्या आधी, 'हा माणूस रोज असाच चालवतो' असं सांगणाऱ्याला त्यात जागा नाही.

मग साक्षीदार संरक्षण योजना. ५ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ती मान्य करून देशभर लागू केली. अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देणार, धोक्याच्या तीन श्रेणी, गरज पडली तर ओळख लपवण्याचीही सोय. एका वकीलबाईंनी मला तो कागद वाचायला दिला तेव्हा माझं लक्ष व्याख्येवर गेलं. टाइम ऑफिसातला माणूस आधी व्याख्याच वाचतो. गुन्हा म्हणजे फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्यावरची शिक्षा असलेला, शिवाय विनयभंग, पाठलाग वगैरेंची कलमं. भरधाव गाडी चालवण्याला जुन्या दंडविधानात सहा महिने होते, निष्काळजीपणाने जीव घेण्याला दोन वर्षं. नव्या संहितेत ती पाच झाली. म्हणजे गाडीखाली माणूस मारणाऱ्याविरुद्ध साक्ष देणारा या योजनेच्या दारातच अडतो. त्या शाळकरी मुलींना कट मारणाऱ्याविरुद्ध साक्ष देणारा मात्र, विनयभंगाचं कलम लागलं तर, आत येतो. तेवढंच समाधान.

रस्त्यावरच्या गुन्ह्याचा फिर्यादी म्हटलं की मला सायकलवाला आठवत नाही, रवींद्र पाटील हा पोलीस शिपाई आठवतो. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्याला फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी गेली, नुरुल्ला शरीफ हा माणूस मेला. अभिनेता सलमान खानच्या संरक्षणाला नेमलेल्या पाटलांनी फिर्याद दिली. खटल्याचा शेवट काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे: सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये सलमान खानला दोषी ठरवलं, हायकोर्टाने त्याच वर्षी १० डिसेंबरला निर्दोष सोडलं, आणि पाटलांचा जबाब पूर्णपणे विश्वास ठेवण्याजोगा मानला नाही. त्यावर मी बोलणार नाही. मी बोलतोय ते पाटलांविषयी. साक्षीला हजर राहिले नाहीत म्हणून त्यांच्यावर वॉरंट निघालं, अटक झाली, नोकरी गेली, आणि ऑक्टोबर २००७ मध्ये शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात ते वारले. त्यांना कुणी छळलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण खाकी वर्दीतल्या माणसाला फिर्यादीचं ओझं इतकं झालं, तर सायकलवर कामाला जाणाऱ्याने काय करावं?

२८ फेब्रुवारी २०२४. पाम बीच रोड, नेरूळ, पहाटेचे सहा वाजत आलेले. अवतार सैनी, वय ६८, राहणार चेंबूर, मित्रांबरोबर सायकल चालवत होते. भरधाव टॅक्सीने मागून धडक दिली. चालकाने पळून जायचा प्रयत्न केला तेव्हा सायकल पुढच्या चाकांत अडकलेली होती. सैनी वाचले नाहीत. हे इंटेलचे भारतातले माजी प्रमुख. ३८६, ४८६ आणि पेंटियम या प्रोसेसरांवर काम केलेला माणूस. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्या कॉम्प्युटरांवर पहिल्यांदा मराठी टाइप केलं, त्यांच्या पोटातला मेंदू घडवणाऱ्यांपैकी एक. बातमी मोठी झाली ती त्यामुळे. बरोबर मित्र होते, गाडी सापडली, चालक सापडला, गुन्हा नोंदवला गेला. पण त्या रस्त्यावर पहाटे जाणाऱ्यांना विचारा, असे किती कट त्याआधी मारले गेले होते, आणि त्यातले किती कुणी कुठे लिहून दिले होते.

भीती गाडीवाल्यालाही असते, हे आम्ही टँकरवाल्यांत वावरलेली माणसं विसरू शकत नाही. नव्या न्यायसंहितेत जीवघेणा अपघात करून पळून जाण्याला दहा वर्षांची शिक्षा आली तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ट्रक थांबले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. ड्रायव्हरांचं म्हणणं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. ते खोटं नाही. आमच्याच रोडवर मी क्लीनरला विजेच्या खांबाला बांधून मारलेलं पाहिलंय, आणि मारणारे गावचे चांगले लोक होते. सरकारने ते पोटकलम बाजूला ठेवलं. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली, ते नाही.

विलायतेत यावर बरीच डोकेफोड झालेली दिसते. वेल्समध्ये २०१६ च्या सुमारास सुरू झालेल्या ऑपरेशन स्नॅपमध्ये सायकलवाले हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण थेट पोलिसांना पाठवतात. लंडनमध्ये माइक व्हॅन अर्प नावाचा एक गृहस्थ गाडी चालवताना फोन वापरणाऱ्यांचं चित्रण करून त्यांना दंड करवतो. गाय रिची या सिनेदिग्दर्शकाला २०२० मध्ये सहा महिने गाडी चालवायला बंदी झाली ती त्याच्या चित्रणामुळे. तो स्वतःच्या नावाने, तोंड दाखवून हे करतो आणि त्याची किंमतही मोजतो. मला त्याहून पटली ती बर्मिंगहॅमकडच्या पोलिसांची तऱ्हा. २०१६ पासून त्यांनी आपलेच शिपाई साध्या कपड्यांत सायकलवर बसवले. जो फार जवळून घासून जाईल त्याला पुढे उभा असलेला साथीदार अडवतो. फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस. बाहेरच्या माणसाचं नाव कागदावर यायची वेळच येत नाही. आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीचं हे सरकारी रूप म्हणायला हरकत नाही. ठाणे-बेलापूर रोडवर पहाटे पाचला दोन हवालदार सायकलवर सोडले तर आठवड्यात काय काय सापडेल, याची मी मनातल्या मनात यादी करतो.

तोवर आपली आपण सोय. आमच्या पुतण्याच्या सायकल ग्रुपमधल्या दोघांनी हेल्मेटला कॅमेरे लावलेत. मोबाइलवरून वाहतूक पोलिसांकडे फोटो, चित्रण पाठवायची सोय आहे म्हणून एकाने एका काळ्या गाडीचं चित्रण पाठवायला काढलं, आणि पाठवायच्या आधी मला दाखवलं. सुरुवातीलाच त्याच्या बिल्डिंगचं गेट, वरती सोसायटीचं नाव, वॉचमनने मारलेली हाक नावानिशी. कॅमेरा तो खाली उतरतानाच चालू करतो. त्याच्या घड्याळातल्या अॅपवर रोजचा रस्ता नकाशावर उमटतो, तोही जिथून निघतो तिथूनच. २०१८ मध्ये असल्याच एका अॅपच्या नकाशावरून परदेशांतले लष्करी तळ उघडे पडले होते, तिथे आमचं कोपरखैरणं काय लपणार. ते गेटचं चित्रण कापायला सांगितलं, तर दुसरा म्हणाला, कापलेलं चित्रण कोर्टात चालत नाही. तेही खरं. शेवटी असं ठरलं की मूळ चित्रण कार्डावर तसंच जपून ठेवायचं, पाठवायचं ते फक्त कट मारल्याचा तुकडा, आणि उद्यापासून कॅमेरा नाक्यावर पोचल्यावर चालू करायचा. गाडीच्या काचेवरचं स्टिकर मला ओळखीचं वाटलं. आमच्या दोन आळ्या सोडून आहे, पण ते मी त्या मुलांसमोर बोललो नाही. तक्रार कुणाच्या नावाने करायची यावर अर्धा तास गेला. ती त्या वकीलबाईंच्या नावाने गेली. त्या राहतात ठाण्याला, सायकल चालवतात रविवारी, आणि आमच्या गावात त्यांची कुणाशी सोयरीक नाही.